मुंबईची वाट : जाण्याची आणि परत येण्याची

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग



या पानावर आम्ही एरवी बेणे प्रक्रिया, खोडवा व्यवस्थापन, हुमणी, ठिबक असे विषय घेतो. या खेपेस थोडे वेगळे लिहीत आहोत. विषय आहे तिवस्याहून मुंबईला जावे कसे आणि तेथून सुखरूप परत यावे कसे. शेतकी खात्याच्या माणसाने रेल्वेच्या गोष्टी का सांगाव्यात, असे कोणी विचारील. त्याचे कारण आधी सांगतो, मग वाट सांगतो.

दोन हंगामांपूर्वीची गोष्ट. गळीत नुकतेच सुरू झाले होते. आम्ही गट कार्यालयात तोडणीच्या चिठ्ठ्या तपासत बसलो होतो. एक सभासद आले. वय साठीच्या आसपास, अप्पर वर्धेच्या कालव्यावर अडीच एकर ऊस, थोडा संत्रा. माणूस मोठा बोलका. पण त्या दिवशी खुर्चीवर बसले आणि तोंडाला रुमाल लावून गप्पच राहिले. आम्ही विचारले, "काय भाऊ, तोड लांबली म्हणून रागावले का?" त्यांनी मान हलवली. मग खिशातून घडी घातलेला कागद काढून टेबलावर ठेवला. अमरावतीच्या डॉक्टरांनी मुंबईच्या टाटा हॉस्पिटलला जाण्यासाठी दिलेली ती चिठ्ठी होती. तिच्यावरची तारीख पाहून आम्ही चमकलो. चिठ्ठी सहा आठवड्यांपूर्वीची होती.

"अहो भाऊ, मग अजून गेले काहून नाही?"

ते हळू आवाजात म्हणाले, "साहेब, मंबईले कसं जाव तेच समजत नाही. पोरगा पुण्याले कंपनीत, त्याले सुट्टी नाही. ऊस उभा हाये. आन् मंबई म्हणजे काय नागपूर हाय का जी? तिथं हरवलो तं कोन शोधते?"

पोळ्याच्या सुमारास तोंडात जखम झाली, ती भरलीच नाही. दिवाळीच्या आधी चिठ्ठी मिळाली. पैसा होता, जमीन होती, घरचे लोक मायेचे होते. अडले होते ते वाटेवर. दुखण्याइतकीच वाटेची भीती त्या माणसाला होती, आणि त्या भीतीने सहा आठवडे खाल्ले.

अशी ही एकच हकीकत नाही. त्याच्या आधी दुसरे एक सभासद असेच "पीक निघू द्या, मग पाहू" म्हणत राहिले. पीक निघाले, पण मुंबईच्या डॉक्टरांपुढे ते पोहोचले तेव्हा फार उशीर झाला होता. त्यांच्या बांधावर आजही आम्ही जातो, तेव्हा मनाला लागते. म्हणून हा लेख.

आमच्या हातून झालेल्या चुका

आम्ही त्या भाऊंसोबत स्वतः गेलो. कार्यकारी संचालक साहेबांनी चार दिवसांची रजा दिली. आम्ही कृषी पदविकेच्या काळात एकदा आणि नंतर शेतकरी मेळाव्याला एकदा मुंबई पाहिली होती. त्या जोरावर आपल्याला सारे कळते असे वाटले. प्रत्यक्षात आम्ही चार चुका केल्या. त्या लपवून ठेवण्यात अर्थ नाही. सभासदाच्या फडात पाणी जास्त झाले तर आम्ही तोंडावर सांगतो. मग आपलेही सांगावे.

पहिली चूक वाराची. घाईने मिळेल त्या गाडीचे तिकीट काढले आणि शनिवारी सकाळी मुंबईत उतरलो. बाह्यरुग्ण विभागाचे काम सोमवारी. दोन दिवस, दोन रात्री अनोळखी शहरात आजारी माणूस घेऊन काढाव्या लागल्या.

दुसरी चूक स्थानकाची. तिकिटावर लोकमान्य टिळक टर्मिनस असे छापलेले होते. आम्हाला वाटले, मुंबई म्हणजे मुंबई. ते स्थानक कुर्ल्याला आहे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस निराळे आणि दादर निराळे. पहाटेच्या अंधारात बाहेर आलो, एका माणसाने सामान उचलले, आणि दुपटीहून जास्त भाडे मोजून परळ गाठले.

तिसरी चूक सर्वांत मोठी, कागदांची. अमरावतीस जखमेचा तुकडा काढून तपासला होता. त्याचा रिपोर्ट आम्ही नेला. पण ज्या काचेवर आणि मेणाच्या ठोकळ्यात तो तुकडा ठेवलेला असतो, ती काच व तो ठोकळा अमरावतीसच राहिले. मुंबईच्या डॉक्टरांना स्वतःच्या डोळ्यांनी काच पाहायची असते. ती मागवण्यात पुन्हा दिवस गेले.

चौथी चूक परतीची. जाण्याचे तिकीट काढले, येण्याचे काढलेच नाही. "काम किती दिवस चालते कोणास ठाऊक" असे म्हणत राहिलो. शेवटी जनरलच्या डब्यात दाराजवळ बसून, भाऊंचे डोके आमच्या मांडीवर ठेवून, रात्रभराचा प्रवास केला. आपण ऊस तोडून फडात टाकतो आणि मग वाहन शोधायला निघतो, असे कधी करतो काय? तोडलेला ऊस चोवीस तासांत गव्हाणीत पडावा म्हणून आधी वाहन ठरवतो, मग कोयता चालवतो. माणसाच्या बाबतीत मात्र आम्ही हा साधा नियम विसरलो.

पुढच्या खेपांना या चारही चुका टाळल्या. तीन फेऱ्या झाल्या. त्या अनुभवातून आणि विचारपूस करून जी माहिती जमली ती खाली देत आहोत. दुखण्यासाठीच नव्हे, तर मंत्रालयातील काम, मुलांची मुलाखत किंवा परदेशी जाणाऱ्या लेकराला विमानतळावर सोडणे, यालाही ती उपयोगी पडेल.

आधी हे विचारा : मुंबई खरेच गाठायची का?

मुंबईचे नाव ऐकून सरळ गाडीत बसू नये. प्रथम आपल्या डॉक्टरांना विचारावे की हे काम नागपुरात होईल काय. नागपूर आपल्याला शंभर-सव्वाशे किलोमीटर, एस.टी.ने सकाळी जाऊन सायंकाळी परत येता येते. तेथे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या नावाचे कर्करोग रुग्णालय आहे, जामठ्याला राष्ट्रीय कर्करोग संस्था आहे. ज्या राष्ट्रसंतांनी १९३५ साली आपल्या तालुक्यात मोझरीला गुरुकुंज उभारले, त्यांच्याच नावाचे दवाखान्याचे दार आपल्याला जवळ आहे, हे पुष्कळांना ठाऊक नाही. आपल्या एका भगिनी सभासदाचे उपचार नागपुरातच पूर्ण झाले. त्यांना मुंबई पाहावीही लागली नाही.

डॉक्टरांनी मुंबईच सांगितली तर मग वेळ घालवू नये.

जाण्याच्या वाटा

मुंबईला जाण्याच्या आज चार वाटा आहेत : रेल्वे, समृद्धी महामार्ग, खाजगी बस आणि विमान.

रेल्वेची वाट सर्वांत जुनी. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी धावली, आणि १८६७ पर्यंत रूळ वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोहोचले. त्यामागे इंग्रजांचा डोळा आपल्या कापसावर होता. मुख्य रूळ बडनेऱ्यावरून गेला, अमरावती शहर बाजूला राहिले, आणि पुढे बडनेऱ्याहून अमरावतीला फाटा काढावा लागला. म्हणून आजही पुष्कळ गाड्या बडनेऱ्याला मिळतात, अमरावतीला नाही. बडनेऱ्याहून मुंबई रेल्वेने सुमारे ६६० किलोमीटर आहे.

आपल्या कामाच्या गाड्या अशा. अमरावती–मुंबई एक्सप्रेस सायंकाळी अमरावतीहून निघते व सकाळी मुंबईस पोहोचते. ही गाडी अमरावतीहूनच सुटते, त्यामुळे फलाटावर उभी असते. म्हातारे माणूस, आजारी माणूस सावकाश चढवता येते. हा तिचा मोठा गुण. दुसरी विदर्भ एक्सप्रेस. ती गोंदियाहून नागपूरमार्गे येते, धामणगाव आणि बडनेऱ्याला थांबते. शिवाय नागपूरहून येणारी सेवाग्राम एक्सप्रेस आहे. हावड्याकडून येणाऱ्या मेल आणि गीतांजलीही बडनेऱ्याला थांबतात, पण त्या लांबून येत असल्याने उशीर होण्याचा संभव असतो. गीतांजली २६ डिसेंबर १९७७ ला सुरू झाली, तेव्हा मधु दंडवते रेल्वेमंत्री होते. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळीवर दोन इंचांची गादी त्यांच्याच काळात आली. त्याआधी ज्यांनी रात्रभर फळीवर पाठ घासली, त्यांना त्या दोन इंचांची किंमत कळेल.

तिवस्याहून अमरावतीला एस.टी. धरावी आणि गाडीच्या वेळेच्या किमान दीड तास आधी अमरावतीत असावे. हंगामात महामार्गावर ट्रॅक्टर-ट्रॉल्या असतात, त्यात बऱ्याचशा आपल्याच कारखान्याच्या! तेव्हा वेळ हाताशी ठेवावा. गाडी बडनेऱ्याहून धरावयाची असल्यास अमरावतीहून आणखी दहा-बारा किलोमीटर जावे लागते, हे हिशेबात धरावे.

समृद्धी महामार्ग नागपूर ते मुंबईजवळच्या आमणेपर्यंत ७०१ किलोमीटरचा. शेवटचा इगतपुरी–आमणे टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. आपल्या जिल्ह्यात तो धामणगाव, चांदूर रेल्वे आणि नांदगाव खंडेश्वर या तालुक्यांतून जातो. घरची गाडी असल्यास वेळ खूप वाचतो. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. आमणे म्हणजे मुंबई नव्हे. तेथून परळ-दादरपर्यंत शहराची गर्दी पार करावी लागते. आणि सरळ, रिकामा रस्ता चालकाला गुंगी आणतो. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली खाजगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी दगावले. त्यात आपल्या विदर्भाची तरुण मुले होती. रात्री एकाच चालकाच्या भरवशावर निघू नये, दर दोन तासांनी उतरून पाय मोकळे करावेत, टायर तपासावेत. बसने जायचे झाल्यास संकटकाळी बाहेर पडण्याचा दरवाजा व काच कोठे आहे ते चढताच पाहून ठेवावे.

विमानाचे म्हणाल तर बेलोऱ्याहून मुंबईची सेवा १६ एप्रिल २०२५ रोजी सुरू झाली. योग असा की पहिली आगगाडी धावली त्याच तारखेला, १७२ वर्षांनी. विमान लहान, ७२ आसनांचे. ते रोज नव्हे, ठराविक वारीच असते. म्हणून वार आणि वेळ विचारूनच बेत करावा. फार अशक्त रुग्णाला ही वाट चांगली, पण डॉक्टरांची परवानगी आधी घ्यावी.

तिकीट आणि सवलती

आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडते. पूर्वी १२० दिवस असे, ते १ नोव्हेंबर २०२४ पासून ६० झाले. तात्काळ तिकीट गाडी सुटण्याच्या स्थानकाच्या हिशेबाने आदल्या दिवशी मिळते : वातानुकूलितचे सकाळी १० वाजता, स्लीपरचे ११ वाजता. वेटिंगच्या तिकिटावर स्लीपरच्या डब्यात बसू, पुढे पाहू, हा विचार सोडावा. ते चालत नाही.

सर्वांत महत्त्वाची आणि आमच्याही ध्यानात पहिल्या खेपेस न आलेली गोष्ट ही, की कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठी किंवा तपासणीसाठी जाता-येताना रेल्वेत सवलत आहे. स्लीपर व थर्ड एसीत रुग्णाला १०० टक्के आणि सोबत्याला ७५ टक्के. त्यासाठी रुग्णालयाच्या ठराविक नमुन्यातील दाखला लागतो व तिकीट खिडकीवर जाऊन काढावे लागते. पहिल्या फेरीत आम्ही पूर्ण पैसे भरले. हॉस्पिटलातून दाखला घेतल्यावर पुढच्या फेऱ्यांत भाऊंचे तिकीट पडलेच नाही. ज्येष्ठ नागरिकांची जुनी रेल्वे सवलत मात्र मार्च २०२० पासून बंद आहे, त्या भरवशावर राहू नये.

एस.टी.त ७५ वर्षांवरील सर्वांना मोफत, ६५ ते ७५ वयाच्यांना अर्धे तिकीट, आणि १७ मार्च २०२३ पासून सर्व भगिनींना अर्धे तिकीट आहे. आधार कार्ड जवळ ठेवावे.

पिशवीत काय असावे

कागदांची पिशवी वेगळी असावी आणि ती नेहमी सोबत्याच्या गळ्यात असावी, सामानात कोंबू नये. तिच्यात :

१) डॉक्टरांची चिठ्ठी आणि आतापर्यंतचे सर्व रिपोर्ट, तारखेप्रमाणे लावलेले.
२) तपासलेल्या तुकड्याची काच आणि मेणाचा ठोकळा. हे स्थानिक प्रयोगशाळेतून मागून, सही करून घ्यावे. विसरू नये.
३) रुग्णाचे व सोबत्याचे आधार कार्ड, रेशन कार्ड. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेसाठी रेशन कार्ड लागते.
४) सर्व कागदांच्या दोन-दोन झेरॉक्स प्रती.
५) एका कार्डावर मोठ्या अक्षरात रुग्णाचे नाव, गाव, घरचा व सोबत्याचा फोन नंबर. हे कार्ड रुग्णाच्या खिशात. "हरवलो तं कोन शोधते" या भाऊंच्या प्रश्नाचे उत्तर हेच कार्ड आहे.

दुसऱ्या पिशवीत चादर, तांब्या, दोन दिवस टिकेल असा शिदोरीचा ऐवज. तोंडाचा रुग्ण असेल तर पातळ पदार्थ, सातूचे पीठ, गूळ. पैसे एका ठिकाणी ठेवू नयेत.

उतरावे कोठे?

परळच्या बाजूला टाटा, के.ई.एम., वाडिया ही रुग्णालये जवळजवळ आहेत. त्यांच्यासाठी दादरला उतरावे. अमरावती एक्सप्रेस कल्याण, ठाणे आणि दादर या क्रमाने येते. ठाणे गेले की सामान आवरून दाराकडे निघावे, कारण दादरला गाडी थोडाच वेळ थांबते.

दादरला फलाटांचे आकडे बदलले आहेत, हे जुन्या माणसांनी लक्षात घ्यावे. ९ डिसेंबर २०२३ पासून पश्चिम रेल्वेचे फलाट १ ते ७ आणि आपल्या मध्य रेल्वेचे ८ ते १४. त्यामुळे पूर्वी गेलेल्या माणसाने सांगितलेला फलाट क्रमांक आज जुळणार नाही.

दादरहून परळ लोकलने एकच स्थानक आहे. पण लोकल दोन प्रकारच्या, धीमी आणि जलद. परळला धीमी थांबते. लोकलमध्ये दिव्यांग आणि कर्करोगाच्या रुग्णांसाठी वेगळा डबा असतो, तेथेच चढावे. सकाळी आठ ते अकरा आणि सायंकाळी पाच ते नऊ या वेळांत आजारी माणसाला घेऊन लोकलच्या वाटेस जाऊ नये. त्यापेक्षा टॅक्सी बरी. दादर-परळ भागात रिक्षा चालत नाही, काळी-पिवळी टॅक्सीच असते. तिचे कमीत कमी भाडे १ फेब्रुवारी २०२५ ला ३१ रुपये ठरले. मीटरनेच चला, असे बसण्याआधी स्पष्ट सांगावे. सामानाला हात लावणाऱ्या आणि "चला साहेब, स्वस्तात नेतो" म्हणणाऱ्या माणसाला नम्रपणे नाही म्हणावे. आम्ही म्हटले नाही, त्याची किंमत वर सांगितलीच आहे.

रविवारी सायंकाळी अमरावतीहून निघून सोमवारी सकाळी पोहोचणे सोयीचे, मंगळवार-बुधवारही चांगले. शुक्रवारी निघून शनिवारी उतरू नये.

राहण्याची सोय : गाडगेबाबांचे उपकार

मुंबईत सर्वांत मोठी धास्ती राहण्याची. येथे आपल्या जिल्ह्याच्या माणसाने आपल्यासाठी करून ठेवलेली सोय सांगताना ऊर भरून येतो. संत गाडगेबाबा आपल्याच जिल्ह्यातील शेणगावचे. जन्म १८७६ चा. हातात खराटा आणि डोक्यावर गाडगे घेऊन हा माणूस गावोगाव फिरला. पै-पैसा जमवला आणि पंढरपूर, नाशिक, आळंदी, मुंबई येथे गोरगरिबांसाठी धर्मशाळा उभ्या केल्या. स्वतः मात्र कधी त्यांच्यात मुक्कामाचा हक्क सांगितला नाही. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीच्या वाटेवर वलगावजवळ, प्रवासातच, त्यांनी देह ठेवला.

त्यांच्या नावाच्या मिशनची धर्मशाळा दादर पूर्वेला आहे. तेथे दूरदूरहून टाटाला येणारे कर्करोगाचे रुग्ण आणि त्यांचे नातलग राहतात. जागा रुग्णालयाचे कागद पाहूनच मिळते आणि पुष्कळदा भरलेली असते. म्हणून पहिल्याच दिवशी हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात जाऊन राहण्याची चौकशी करावी. ते लोक इतरही ठिकाणे सांगतात. आम्हाला पहिल्या खेपेस हे माहीत नव्हते. दुसऱ्या खेपेस तेथे जागा मिळाली. भाऊ दाराशी क्षणभर थांबले, बाबांच्या तसबिरीला हात जोडले आणि म्हणाले, "साहेब, हे तं आपलेच बुवा हायत. मंग मी काहून भेत होतो?" शेजारच्या खाटेवर बिहारचा एक शेतकरी होता, त्याचाही उसाचा धंदा. दोघांना एकमेकांची भाषा धड येत नव्हती, तरी किती टन निघतो, भाव काय, पैसे कवा मिळतात, हे बोलणे रात्रीपर्यंत चालले.

परतीची वाट

परतीचे तिकीट जातानाच काढावे. दिवस नक्की नसेल तर अंदाजाने चौथ्या-पाचव्या दिवसाचे काढावे. लवकर काम झाले तर बदलावे किंवा रद्द करावे. रद्द करण्याचे थोडे पैसे जातात, पण रात्रभर दाराशी बसण्यापेक्षा ते स्वस्त पडते. येताना दादरला चढण्यापेक्षा छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून चढावे. अमरावती एक्सप्रेस आणि विदर्भ एक्सप्रेस दोन्ही तेथूनच सुटतात, फलाटावर आधी लागतात आणि रुग्णाला शांतपणे झोपवता येते.

जुनी माणसे या स्थानकाला व्ही.टी. किंवा बोरीबंदर म्हणतात. १९९६ साली नाव बदलले, २०१७ साली त्यात "महाराज" शब्द जोडला गेला. स्थानक एकच आहे, घोटाळा होऊ देऊ नये. कसाऱ्यापासून इगतपुरीपर्यंत गाडी थळघाट चढते. चढ ३७ फुटांस एक फूट इतका उभा आहे. तेथे गाडी हळू चालली म्हणून घाबरू नये. सकाळी अमरावती, आणि दुपारच्या आत तिवसा.

लेकरे परदेशी असतील तर

आजकाल आपल्या तालुक्यातील मुलेही परदेशी जातात. एका सभासदाची कन्या अमेरिकेत शिकागोला शिकते. तिला सोडायला निघालेल्या आई-वडिलांनीही आम्हाला मुंबईचीच वाट विचारली. ऑक्टोबर २०२५ पासून आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो पूर्ण सुरू झाली आहे. दादर, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस आणि आंतरराष्ट्रीय विमानतळ ही तिन्ही ठिकाणे तिच्यावर आहेत. त्यामुळे रेल्वेतून उतरून विमानतळ गाठणे सोपे झाले. शिकागोत १९८४ सालापासून शहरातली आगगाडी थेट ओ'हेअर विमानतळाच्या आत जाते आणि ती रात्रंदिवस चालते. ती मुलगी तिथे उतरल्यावर एकटीच गाडीत बसून मुक्कामी पोहोचली आणि तसा फोन केला. इकडे तिचे वडील मात्र तिला सोडून परत येताना मुंबईत दोन तास चुकले होते! ते स्वतःच हसत हे सांगतात. तात्पर्य, वाट लांब असो की जवळ. आधी विचारून ठेवली की ती आटोक्यात येते.

आता भाऊंचे सांगतो

भाऊंची शस्त्रक्रिया झाली. जबड्याचा थोडा भाग काढावा लागला. नंतर शेकही घ्यावे लागले. डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितले की आधी आला असता तर एवढे कापावे लागले नसते. ते सहा आठवडे, आणि वर आमच्या चुकीने गेलेले दिवस, आम्ही अजून विसरलो नाही. भाऊ आता सावकाश बोलतात, भाकरी दुधात कुस्करून खातात. त्यांचा ऊस त्या वर्षी शेजारच्या सभासदांनी उभे राहून तोडून घेतला, वजनाच्या पावत्या घरी नेऊन दिल्या. गेल्या सुरू हंगामात त्यांनी पुन्हा दोन एकर को ८६०३२ लावला. लागवडीच्या दिवशी आम्ही गेलो तर बांधावर बसून मजुरांना सांगत होते, "डोळा वर ठेवा, वर." आणि जवळच्या एका तरुण सभासदाच्या हातातली खर्र्याची पुडी त्यांनी काढून पाटाच्या पाण्यात टाकली. तो तरुण काही बोलला नाही.

सभासद बंधूंनो, खर्रा, तंबाखू यांविषयी आम्ही उपदेश करीत बसत नाही. भाऊंनी केले ते पुरे आहे. एवढेच म्हणतो की तोंडातली जखम किंवा पांढरा चट्टा पंधरा दिवसांत भरला नाही, तोंड पूर्ण उघडेनासे झाले, तर डॉक्टरांना दाखवा. त्यांनी पुढे जा म्हटले तर जा. ऊस कोणाच्या ना कोणाच्या हाताने तुटतो.

गट कार्यालयात आम्ही एक वही ठेवली आहे. मुंबई-नागपूरला उपचारासाठी जाऊन आलेल्या आणि सोबत जाण्यास तयार असलेल्या सभासदांची नावे, त्यांच्याच संमतीने, तिच्यात लिहिली आहेत. आजपर्यंत अकरा नावे झाली. पहिले नाव भाऊंनी स्वतःच्या हाताने लिहिले आहे. ज्यांना वाट माहीत आहे त्यांनी आपले नाव घालावे; ज्यांना जायचे आहे त्यांनी येऊन विचारावे. तोडीच्या चिठ्ठीसाठी आपण आमच्या टेबलापुढे हक्काने उभे राहता. याही चिठ्ठीसाठी तसेच या, आणि ज्या दिवशी ती हातात पडेल त्याच दिवशी या.